पाण्याची जागा

मित्रांनो, माझ्या अंगावर एक टिचकी मारून पाहा. मारा मारा, लाजू नका, मला लागत नाही. ऐकलंत? बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, वस्तूचा आवाज कसा 'ठण्ण' यायला हवा. माझा येतो 'थप्प'. भरल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा. असं का, ते आज सांगून टाकतो. बोलायची मला फारशी हौस उरलेली नाही. पण तुम्ही रोज शाळा सुटली की माझ्यावर चढून उड्या मारता, आणि आजवर एकानंही विचारलं नाही की बाबा रे, तू आहेस तरी कोण. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

मी एका जुन्या डिझेल इंजिनाचा ब्लॉक आहे. गावात सगळे मला सरसकट 'इंजन' म्हणतात, तेही चालेल. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. माझ्या पोटात एक गोल नळकांडं आहे, त्यात दट्ट्या खालीवर व्हायचा. त्या नळकांड्याची भिंत आणि माझी बाहेरची कातडी, या दोहोंच्या मध्ये सगळीकडून मोकळी जागा होती. त्या जागेतून पाणी फिरायचं. वर डिझेल पेटायचं, भिंत तापायची, आणि पाणी तो ताप घेऊन बाहेर पडायचं. ही जागा तेवढी ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

मला एका ओतशाळेत वाळूच्या साच्यात ओतलं. साचा फोडल्यावर कारागिरानं माझ्या आतली वाळू ठोकून ठोकून बाहेर काढली, भोकाला तोंड लावून फुंकर मारली, आणि दुसऱ्या भोकातून वारा आलेला पाहून खूश झाला. मग मला हिरवा रंग मिळाला आणि मालगाडीनं मी अकोल्याच्या एका दुकानात येऊन बसलो. तिथं नत्थुजी आले. तेव्हा ते अगदी तरणे होते, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. दुकानात इतकी इंजिनं मांडलेली, पण त्यांनी हात ठेवला तो माझ्यावर. का, ते मला अजून कळलेलं नाही. मी काही त्यातला देखणा नव्हतो.

रिद्धपूरच्या पुढं मोर्शीच्या अंगाला त्यांचं गाव. शेवटचे दोन कोस मी बैलबंडीतून गेलो. विहिरीवर पार्वताबाई, म्हणजे नत्थुजींची मंडळी, हळदीकुंकू घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या अंगावर कुंकवाची पाच बोटं ओढली आणि मी पहिल्यांदा भडभडायला लागलो तेव्हा "माय वं!" म्हणून चार पावलं मागं पळाल्या. पुढं त्यांनी माझं नाव 'भडभड्या' ठेवलं. शिव्या देतानाही त्याच नावानं द्यायच्या.

ते दिवस चांगले होते, असं म्हणायला हवं. मी विहिरीतलं पाणी उपसायचो, आणि त्यातलीच एक बारीक धार नळीनं माझ्या पोटात यायची. खालून गार शिरायची, वरून कोमट होऊन बाहेर पडायची. थंडीत त्या कोमट धारेखाली गावातल्या बायका धुणं घेऊन बसत. कुलदीप, म्हणजे नत्थुजींचा एकुलता एक मुलगा, तिथंच आंघोळ करून मोठा झाला. कोणी पाहुणा आला की नत्थुजी त्याला माझ्यापाशी आणायचे. "पाह्य, एका हँडलात उठते," म्हणायचे, आणि मी उठायचो. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळायचा. त्या काळात मला सगळं कळायचं. पाणी किती गार आहे, विहीर किती खोल गेली आहे, वारा कुठून सुटला आहे, सारं.

मग गावात वीज आली आणि बटण दाबलं की चालणारी मोटर विहिरीत उतरली. मला टिनाखाली सरकवलं. माझ्या पाण्याच्या तोंडात एका चिमणीनं घरटं केलं, आणि पार्वताबाईंची खुडूक कोंबडी माझ्या पायाशी अंडी उबवू लागली. मी तक्रार केली नाही. पाच-सहा पावसाळे तसेच गेले असतील, मी मोजले नाहीत.

कुलदीप मोठा झाला तो कामाला वाघ निघाला. बोलका, हसरा, आणि आई म्हणायची तसा 'लय उपद्व्यापी'. त्यानं कपाशीचं निम्मं वावर मोडून संत्र्याची कलमं लावली. पहिली रांग वावराच्या पार टोकाला, नाल्याच्या काठानं. त्याच साली त्याचं लग्न झालं. पौर्णिमा दर्यापूरकडची, खारपाणपट्ट्यातली. तिच्या माहेरी विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट. इथं आल्यावर तिनं विहिरीचं पाणी ओंजळीनं प्यायलं, पुन्हा प्यायलं, आणि कुलदीपला म्हणाली, "बाप्पा! तुमी लोक हे पाणी झाडाले टाकता?" तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

पण ते गोड पाणी खाली खाली जाऊ लागलं. वरून वीजही जाऊ लागली. दिवसातून येईल तेव्हा येईल, आणि आली की अशी कमीजास्त येई की मोटर जळून गेली. कोंबडीला हुसकून मला पुन्हा विहिरीवर आणलं. आजूबाजूच्या गावांत लोक संत्र्याची उभी झाडं तोडू लागले होते. ओल्या लाकडानं भरलेल्या बंड्या रस्त्यानं जाताना मी पाहिल्या आहेत. कुलदीप म्हणायचा, "आपली नाई तोडाची. बहार आल्याबिगर मी झाडाले हात लावू देत नाई."

त्यानं विहीर खोल करायला घेतली. मी वर पाणी उपसत होतो, तो खाली गाळ भरत होता. दुपारची वेळ होती. विहिरीची एक दरड सुटली. फार मोठा आवाज झाला नाही. मला पायाखाली एक हादरा कळला आणि नत्थुजींनी धावत येऊन माझा लिव्हर ओढला. बाकी मी सांगत नाही. तुम्ही लहान आहात, आणि मलाही ते सांगताना काही वाटेनासं झालं आहे, ते बरं नाही.

माणसं आली, बसली, गेली. जो तो नत्थुजींच्या खांद्यावर हात ठेवून एकच सांगायचा, "घट्ट राह्य, नत्थुजी. तूच असा केला तं बायकाईनं कोणाकडे पाहाव?" पार्वताबाई रडल्या. पौर्णिमा रडली, इतकी की तिचा आवाज बसला. नत्थुजी रडले नाहीत. ते विहिरीवर यायचे, माझ्याजवळ बसायचे, झाडांकडे पाहायचे. कुलदीपचं नाव त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच. घरात हे तिघंच उरले होते आणि तिघांतही बोलणं असं नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे, गाईला वैरण टाकली का, एवढंच.

ती झाडं मात्र पाचव्या वर्षात आली होती. पहिला बहार धरला होता. मिरीएवढी बारीक हिरवी फळं, पानापानाआड. तो उन्हाळा निभावला तर कुलदीपच्या झाडाचं फळ घरात येणार होतं. नाही निभावला तर झाडंच जाणार होती. नत्थुजींना दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि नेमका तेव्हाच मी दगा दिला.

म्हातारा झालो होतो, मित्रांनो. माझं नळकांडं घासलं की मिस्त्री ते आतून कोरून गुळगुळीत करी आणि जाड दट्ट्या बसवी. असं इतक्यांदा झालं की भिंत पातळ होत गेली. विहीर खोल गेल्यामुळे जोर जास्त लागायचा. प्रत्येक दणक्याला माझी भिंत थरथरायची. एका सकाळी ती खालच्या अंगाला तडकली, केसाएवढी भेग. पाणी तेलात उतरलं, तेलाचं ताक झालं आणि मी बंद पडलो.

अमरावतीहून फारुख मिस्त्री आला. वलगाव रोडवर त्याचं दुकान. अकोल्याच्या एका उस्तादाच्या हाताखाली शिकलेला, पन्नाशीला टेकलेला, तोंडात कायम सुपारी. मला तो अनेक वर्षं ओळखत होता. दरवेळी उघडायच्या आधी "का हो मियाँ, पुन्हा?" असं विचारायचा. या वेळी त्यानं मला उघडलं, दिवा आत धरला, बोटानं भेग चाचपली आणि काहीच विचारलं नाही.

"काका, भिंतीचा कागद झाला," तो नत्थुजींना म्हणाला. "असा ब्लॉक आता बाजारात येत नाई. कारखानाच बंद पडला."

"मंग?"

"एक इलाज हाय. आमचे उस्ताद करत. ह्याच्या पोटात खालून अर्ध्यापावतर सिमेंट अन् बिडाचा कीस भरून टाकतो. भेग बुजते अन् भिंतीले चहुकडून टेका भेटते. मंग ते थरथरत नाई."

पौर्णिमा तिथंच उभी होती. ती म्हणाली, "अन् पाणी कुठून फिरन?"

"वरच्या अर्ध्यात, ताई. आग वरच लागते ना. खाली तेवढा ताप नसते. पाणी आत याले मी वरतून नवं भोक पाडतो." फारुख सुपारी थुंकून आला आणि पुन्हा म्हणाला, "अर्धंच भराचं. वरची जागा पाण्याची."

त्यानं लेथवरचा बिडाचा कीस फडक्यातून गाळला, सिमेंटमध्ये कालवला आणि माझ्या वरच्या तोंडांतून आत ओतला. लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकत राहिला, म्हणजे आत हवा राहू नये. खालचं अंग आधी गार झालं, मग जड झालं, मग कळेनासं झालं. दुखलं नाही. तुमचा पाय मांडीखाली मुडपून बधिर होतो ना, तसंच, फक्त नंतर मुंग्या आल्या नाहीत.

"आठवडाभर कोणी हात लावू नोका," फारुखनं बजावलं. "वरचं हेड, ह्याचं डोकं, मी संग नेतो, त्याचंही काम हाय. येतो घेऊन." उरलेलं सिमेंट आणि कीस त्यानं एका पिशवीत बांधून माझ्याजवळ ठेवला आणि तो गेला. पिशवी सोबत नेली असती तर... जाऊ द्या.

आता पुढचं समजायला तुम्हाला आमची काळी माती माहीत हवी. तुमची घरंही याच मातीवर आहेत, तेव्हा माहीत असेलच. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात जातो. तिच्यावर घर बांधायचं तर जोत्यात मुरूम ठासून ठासून भरावा लागतो. कुठं हातभर पोकळ राहिलं की फरशी बसली, भिंत गेली. नत्थुजींनी आपल्या घराचं जोतं स्वतः भरलं होतं. गावात कोणाचं घर उठलं की त्यांना बोलावणं असायचं. ते पायानं दाबत फिरायचे आणि "इकडं पोकळ हाय, टाका अजून" म्हणायचे. त्यांचं कधी चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यापाशी बसले होते. सहज त्यांनी माझ्या खालच्या अंगावर बोटं वाजवली. थप्प. मग वर वाजवली. ठण्ण. पुन्हा खाली, पुन्हा वर. बराच वेळ त्यांचं तेच चाललं होतं. त्यांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, पण बोटं थांबत नव्हती. मग ते उठले आणि त्यांनी ती पिशवी सोडली.

घमेल्यात त्यांनी सगळं कालवलं. फारुखनं पाडलेल्या नव्या भोकात आतून चिंधीचा बोळा बसवला आणि माझी वरची अर्धी जागाही भरायला घेतली. पार्वताबाई घराकडून ओरडल्या, "काय करून राह्यले हो तुमी तिथं?"

"काई नाई," नत्थुजी म्हणाले.

मला ओरडता येत असतं तर ओरडलो असतो. त्यांनी काठोकाठ भरलं, वरून अंगठ्यानं साफ केलं, जसं जोत्यावर शेवटचा हात फिरवतात तसं. आणि खरं सांगू का, मित्रांनो? भरून झाल्यावर मला बरं वाटलं. कुठेच काही हलत नव्हतं. गार नाही, गरम नाही. विहीर किती खोल गेली, वारा कुठून येतो, कशाशीच माझं देणंघेणं राहिलं नव्हतं. फार सुखाचं असतं ते. म्हणूनच तर वाईट असतं.

आठवड्यानं फारुख हेड घेऊन आला. माझ्या वरच्या तोंडांकडे त्यानं पाहिलं, बोट लावून पाहिलं, खिळ्यानं टोकरून पाहिलं. खिळा वाकडा झाला.

"या अल्ला! हे कोणं केलं?"

"मीनं," नत्थुजी म्हणाले.

"कावून पण? सांगतलं होतं ना मीनं, अर्धंच म्हणून!" फारुखचा आवाज चढला. एरवी तो कधी ओरडत नसे. "अर्धं म्हणजे अर्धं, काका! हे काय घराचं जोतं हाय?"

पौर्णिमा आवाज ऐकून धावत आली. नत्थुजी मान खाली घालून उभे होते. म्हणाले, "वाजवून पाह्यलं. वरतं पोकळ वाजे. मले भेव वाटलं, फारुख. सगळे म्हणत, घट्ट राह्य, घट्ट राह्य. पोकळ ठेवाची हिंमतच होत नोती. घरात पोकळ, विहिरीत पोकळ. म्हटलं, हे एक तरी भरून ठेवू."

फारुखची सगळी गरमी उतरली. तो त्यांच्या शेजारी मातीतच बसला.

"काका," तो म्हणाला, "ते पोकळ नोतं हो. ते पाण्याची जागा होती."

फारुखनं छिन्नी लावून पाहिली, पण बिडाचा कीस सिमेंटात मुरला की तो दगडाच्या वरताण होतो. जास्त ठोकलं असतं तर पातळ भिंतच गेली असती. शेवटी त्यानं पाण्याची नळी थेट हेडला जोडली. डोकं तेवढं गार राहणार होतं, धडाला पाणी नव्हतं.

"थोडं थोडं चालवा," त्यानं पौर्णिमेला समजावलं, कारण नत्थुजी ऐकत आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. "अंगावर हात ठेववत नाई असं झालं का बंद. हात ठेववला का मंग चालू. हट्ट केला तं दट्ट्या आतच धरून बसन."

मी सुरू झालो. काय चाललो म्हणता! थरथर नाही, खडखड नाही, खांबासारखा उभा. नत्थुजींच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जरा बरं दिसलं. पण थोड्याच वेळात मी असा तापलो की पौर्णिमेनं पदर हाताला गुंडाळून लिव्हर ओढला. आणि आमची माती तर तुम्हाला सांगितलीच. दांडात, म्हणजे वावरातल्या पाटात, सोडलेलं पहिलं पाणी भेगाच पिऊन टाकतात. भेगा भरल्या की मग ते पुढं सरकतं. मी थांबलो की भेगा पुन्हा कोरड्या. पाणी जवळच्या रांगांपर्यंत जायचं आणि तिथंच जिरायचं. टोकाची रांग, कुलदीपनं पहिली लावलेली, रोज कोरडी राहायची.

तो सबंध उन्हाळा असाच गेला. पौर्णिमा मला चालू करी, हात ठेवून पाही, बंद करी. अंगावर ओली पोती टाकी. नत्थुजी फावडं घेऊन दांडावर उभे असत आणि पाणी कुठवर आलं ते पाहत. टोकाच्या झाडांची पानं आधी पिवळी पडली, मग वळली. पौर्णिमा गुंडानं, म्हणजे घागरीनं, पाणी वाहून त्यांच्या आळ्यात ओतायची, पण गुंडभर पाण्यानं काय होतं? दर्यापूरहून तिचा भाऊ दोनदा येऊन गेला. "चल आता," म्हणाला, "इथं काय राह्यलं तुयं?" ती म्हणाली, "बहार पाहून येते." पण दुसऱ्यांदा तो गेल्यावर ती बराच वेळ रस्त्याकडे पाहत उभी होती, आणि मला वाटलं, ही जाणार.

मृग लागला तरी आभाळ पांढरंच होतं. त्या दिवशी सकाळपासून विहिरीला जरा जास्त झरा होता. नत्थुजींनी ठरवलं, आज टोकापर्यंत पाणी न्यायचंच. मी चालू झालो. भेगा भरल्या. जवळची आळी भरली, मधली भरली. पाणी पुढं सरकू लागलं. मी तापलो. पौर्णिमेनं हात ठेवला आणि झटक्यानं काढला.

"मामाजी, बंद करते!"

"नोको!" ते दांडावरून ओरडले. "शेवटची रांग राह्यली."

"लय तापलं हो ते!"

"तापू दे! चालू दे त्याले!"

माझा आवाज बदलला होता. दट्ट्या घासत होता. तेलाचा जळका वास सुटला. मला स्वतःला काही दुखत नव्हतं, म्हणून तर मी थांबत नव्हतो. अंगात पाणी असतं तर ते उकळून आधीच बाहेर आलं असतं आणि सगळ्यांना कळलं असतं.

पौर्णिमेनं लिव्हर ओढला नाही. ती तशीच तरातरा दांडावर गेली आणि सासऱ्यासमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर पडला होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"तुमाले झाडं पाह्यजेत का माणसं?" ती म्हणाली. "थे गेले तवा मी रडली, आत्याबाई रडल्या. तुमी रडले नाई. तुमी बोलत नाई. तुमच्यासंग जेवाले बसते तं भिंतीसंग जेवल्यावानी वाटते मले. भाऊ न्याले येऊन राह्यला. मी कोणासाठी थांबू, सांगा ना! झाडासाठी थांबू?"

नत्थुजी फावड्याला धरून उभे राहिले. पाणी शेवटच्या रांगेच्या तोंडाशी आलं होतं, अगदी पाचसहा हातांवर.

"कुलदीपची रांग हाय थे," ते म्हणाले. तो गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी ते नाव घेतलं.

"माहीत हाय मले. मी नोती का लावाले?"

त्यांनी फावडं टाकलं. दांडातून चालत ते माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी स्वतः लिव्हर ओढला. मी थांबलो. आत दट्ट्यानं भिंत पकडली आणि सोडली नाही.

इतकं शांत झालं की दांडात पाणी जिरताना ऐकू येत होतं. मग नत्थुजी खाली बसले आणि रडले. कसे, ते सांगू? ढोर हंबरावं तसे. पार्वताबाई घरातून अनवाणी पळत आल्या. पाहतात तर बुढा छाती पिटून रडतो आहे. त्यांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"मले वाटे," नत्थुजी म्हणत होते, "रडलो तं मी फुटन. मंग तुमाले कोण..."

"फुटा ना मंग," पौर्णिमा म्हणाली. तीही रडत होती. "आमी हावोत ना."

ते माझं शेवटचं चालणं. टोकाची रांग वाळली. ती नत्थुजींनी स्वतःच्या हातानं तोडली, आणि तोडताना प्रत्येक झाडापाशी कुलदीपची एकेक गोष्ट सांगितली. उशिरा का होईना पाऊस आला आणि बाकीच्या रांगा तगल्या. खुरटल्या खऱ्या, पण त्यांना फळ लागलं. लहान होतं, सालीला जाड होतं. पार्वताबाईंनी पहिलं संत्रं देवापुढं ठेवलं आणि दुसरं पौर्णिमेच्या हातात दिलं. भाऊ तिसऱ्यांदा आला तेव्हा पौर्णिमेनं त्याच्या गाडीवर संत्र्याचं पोतं बांधलं आणि त्याला एकट्यालाच परत पाठवलं. आता ती पलीकडच्या खोलीत तुमचा अभ्यास घेते ना, तीच ही पौर्णिमा.

माझं काय? फारुखनं दट्ट्या सोडवायचा बराच प्रयत्न केला, मग माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "माफ करा, मियाँ." भंगारवाला आला तर तो म्हणाला, यात लोखंड किती अन् सिमेंट किती, कोण पाहत बसन? आणि निघून गेला. मग गावकऱ्यांनी मला बंडीत घालून इथं आणून ठेवलं, या शाळेच्या कुंपणाशी. ऊन पडतं, पाऊस पडतो. मला दोन्ही सारखंच.

मित्रांनो, तुमच्या घरी, गोठ्यात, एखादं जुनं इंजिन असेल. त्याचा मळ काढा, तेल घाला, गंज पुसा. त्याला टेका द्यावा लागला तर जरूर द्या, फारुखचा इलाज खोटा नव्हता. पण पाण्याची जागा बुजवू नका. आणि घरात एखादं माणूस फार गप्प बसलेलं दिसलं, फार खंबीर दिसलं, तर त्याच्याकडे जाऊन बसा.

मला आता तहान लागत नाही. कितीही ऊन असलं तरी लागत नाही. लोकांना वाटतं, बरं झालं, याला काही लागत नाही. तुम्ही तसं समजू नका. ज्याची तहान गेली, त्याच्याकडे पाणी आधी न्या.